यादीतले राहून गेलेले कलम

अमेरिकेत नोकरी गेली की पगार थांबतो आणि त्यापाठोपाठ घरातल्या साऱ्यांच्या औषधपाण्याचा आधारही जातो. तेथील नोकरदार वर्गाचा आरोग्य विमा मुख्यत्वे मालकामार्फत मिळतो, हे त्याचे कारण. पती नोकरीत असेल तर पत्नी व मुले त्याच्या विम्याखाली येतात. पत्नी नोकरीत असेल तर पती तिच्या विम्याखाली येतो. एकाची नोकरी सुटली की दुसऱ्याचे चालू असलेले उपचार, ठरलेली शस्त्रक्रिया, जवळ आलेले बाळंतपण असे सारेच अधांतरी लोंबकळू लागते. या संकटावर तोडगा म्हणून १९८६ पासून तेथे एक कायदा आहे. पण हे संकट मुळात उभेच का राहिले, याचा शोध घेऊ गेल्यास एका कर्तबगार स्त्रीच्या चरित्रापाशी येऊन थांबावे लागते. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या महिला, फ्रान्सिस पर्किन्स यांचे हे चरित्र.

बेकारी भत्ता, वृद्धापकाळचे निवृत्तिवेतन, किमान वेतन, आठवड्याला ठरावीक तासांचे काम या आज अमेरिकी माणसाला स्वाभाविक वाटणाऱ्या गोष्टींवर पर्किन्स यांची मोहोर उमटलेली आहे. आरोग्य विमा मात्र त्यांच्या हातून राहून गेला. पतीचे उत्पन्न थांबल्यावर घरातील आजारपण काय रूप घेते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा मंत्री त्या काळात क्वचितच सापडला असता.

गिरण्यांचे पहिले दर्शन

फ्रान्सिस पर्किन्स यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन येथे झाला. घराणे मूळचे मेन राज्यातील न्यूकॅसलचे. वडिलांचा कागद व लेखनसामग्रीचा व्यवसाय वुस्टर शहरात होता आणि तेथेच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. घरातील वातावरण मध्यमवर्गीय आणि जुन्या वळणाचे. माणूस गरीब असतो तो दारूमुळे किंवा आळसामुळे, अशी त्या वर्गाची समजूत होती आणि तीच त्यांच्याही कानी पडली होती.

माउंट होल्योक या महिला महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घेतला. शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या इतिहासाच्या प्राध्यापिकेने विद्यार्थिनींना जवळच्या गिरण्या पाहण्यास पाठविले. यंत्रांना संरक्षक जाळ्या नाहीत, कामाच्या तासांना धरबंध नाही आणि हात तुटलेल्या कामगाराला विचारणारे कोणी नाही, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. धडधाकट, कष्टाळू माणसाचे कुटुंबही एका अपघाताने किंवा काही आठवड्यांच्या बेकारीने रस्त्यावर येऊ शकते, ही जाणीव त्यांना तेथे झाली आणि ती आयुष्यभर टिकली.

१९०२ मध्ये पदवी घेतल्यानंतर काही वर्षे त्यांनी शिकागोजवळ अध्यापन केले, फावल्या वेळात हल हाउस या सुप्रसिद्ध सेवाकेंद्रात काम केले आणि पुढे फिलाडेल्फियामार्गे न्यूयॉर्क गाठले. तेथील कोलंबिया विद्यापीठातून १९१० मध्ये त्यांनी एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता एका गरीब वस्तीतील शाळकरी मुलांचे कुपोषण. त्यानंतर ग्राहक संघाच्या न्यूयॉर्क शाखेची सूत्रे त्यांच्याकडे आली.

२५ मार्च १९११ चा शनिवार

त्या दिवशी पर्किन्स वॉशिंग्टन चौकातील एका परिचितांकडे चहाला गेल्या होत्या. आगीच्या बंबांचा आवाज ऐकून सारे बाहेर धावले. चौकालगतच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना होता आणि तो पेटला होता. बाहेर पडण्याच्या वाटांपैकी एक दार कुलूपबंद होते. ज्वाळांपासून वाचण्यासाठी तरुण मुली खिडक्यांतून खाली उड्या घेत होत्या. १४६ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुसंख्य इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या मुली होत्या. पर्किन्स यांनी हे सारे रस्त्यावर उभे राहून पाहिले.

या दुर्घटनेनंतर नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगासाठी त्यांनी अहोरात्र काम केले. आयोगावरील अल स्मिथ आणि रॉबर्ट वॅग्नर या राजकारण्यांना त्यांनी स्वतः कारखाने हिंडून दाखविले. कार्यालयात बसून अहवाल वाचणाऱ्यांना तेथील वास आणि काळोख कळत नाही, यावर त्यांचा विश्वास होता. आगीपासून संरक्षण, कामाचे तास, स्वच्छता यांविषयीचे न्यूयॉर्क राज्याचे पुढील कायदे या हिंडण्यातून आकाराला आले.

घरावर आलेले संकट

१९१३ मध्ये पर्किन्स यांचा विवाह पॉल विल्सन यांच्याशी झाला. विल्सन हे अर्थतज्ज्ञ. न्यूयॉर्कचे महापौर जॉन मिचेल यांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी एक. विवाहानंतरही पर्किन्स यांनी माहेरचेच नाव चालविले, ही त्या काळी चर्चेची बाब ठरली. १९१६ च्या डिसेंबरात कन्या सुझॅना हिचा जन्म झाला. संसार आता स्थिरावला आणि आपण घर सांभाळत थोडेफार समाजकार्य करावे, अशी त्यांची तेव्हाची कल्पना होती.

ती फार काळ टिकली नाही. १९१७ च्या निवडणुकीत मिचेल पराभूत झाले आणि विल्सन यांचे महापौर कार्यालयातील दिवस संपले. पाठोपाठ १९१८ च्या सुमारास त्यांच्या मानसिक आजाराची लक्षणे उघड झाली. कधी कमालीचा उत्साह, कधी खोल खिन्नता, असे त्याचे स्वरूप होते. सट्ट्याच्या व्यवहारात शिलकीतला पैसाही गेला. त्यानंतर अधूनमधून त्यांनी नोकऱ्या धरल्या; पण कोणतीच फार दिवस टिकली नाही. महिनोन्महिने रुग्णालयात, मग काही काळ घरी, पुन्हा रुग्णालयात, असा क्रम सुरू झाला.

त्या वेळी आजच्या अर्थाने आरोग्य विमा नव्हता. खासगी मनोरुग्णालयाचा खर्च कुटुंबाने स्वतःच्या खिशातून करायचा किंवा रुग्णाला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचे, एवढेच पर्याय होते. पदरी दीड-दोन वर्षांची मुलगी, पती आजारी आणि उत्पन्न बंद, अशा स्थितीत १९१९ मध्ये गव्हर्नर झालेल्या अल स्मिथ यांनी पर्किन्स यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले. वर्षाला ८,००० डॉलर वेतनाचे हे पद होते. त्या क्षणापासून घराचा आणि रुग्णालयाचा सारा भार एका वेतनावर आला. पुढली कित्येक वर्षे त्यांना नोकरी सोडण्याची मुभा नव्हती.

योगायोग असा, की त्याच १९१९ साली न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटने कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्य विम्याचे विधेयक संमत केले होते. कनिष्ठ सभागृहात ते अडविण्यात आले आणि बारगळले. पर्किन्स यांच्या आयुष्यातील आरोग्य विम्याचे हे पहिले हुकणे होय. दुसरे त्यांच्या स्वतःच्या हातून घडायचे होते.

रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवलेली यादी

१९२९ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी पर्किन्स यांना राज्याच्या औद्योगिक आयुक्त केले. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. पाहता पाहता लक्षावधी लोक बेकार झाले. १९३२ च्या अखेरीस रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी मजूर खात्याचे मंत्रिपद पर्किन्स यांना देऊ केले.

पर्किन्स यांनी ते लगेच स्वीकारले नाही. करावयाच्या कामांची यादीच त्यांनी रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली. आठवड्याला चाळीस तासांचे काम, किमान वेतन, बालमजुरीस बंदी, अपघात भरपाई, बेकारी भत्ता, वृद्धांना निवृत्तिवेतन, सरकारी रोजगार केंद्रे, राज्यांना मदतकार्यासाठी केंद्राचा पैसा आणि राष्ट्रीय आरोग्य विमा. हे करू द्यायचे असेल तरच आपण येऊ, असे त्यांनी स्पष्ट केले. रूझवेल्ट यांनी होकार दिला. ४ मार्च १९३३ रोजी नव्या मंत्रिमंडळाचा कारभार सुरू झाला.

पॉल विल्सन तेव्हा न्यूयॉर्क शहराबाहेरच्या एका मनोरुग्णालयात होते. पर्किन्स आठवडाभर वॉशिंग्टनमध्ये काम करीत आणि सवड मिळेल तेव्हा आगगाडीने न्यूयॉर्कला जात. घरातल्या आजाराविषयी वृत्तपत्रांशी त्या अवाक्षरही बोलत नसत. पत्रकारांना हा तुटकपणा वाटे आणि तसे छापूनही येई.

तार आली आणि ओळ गळाली

२९ जून १९३४ रोजी रूझवेल्ट यांनी आर्थिक सुरक्षा समिती नेमली आणि पर्किन्स तिच्या अध्यक्ष झाल्या. बेकारी, वार्धक्य आणि आजारपण या तीन संकटांवर एकत्रित योजना आखावी, ही समितीची कल्पना होती. पहिल्या दोहोंबाबत मार्ग निघाला. तिसऱ्याला हात घालताच डॉक्टरांच्या संघटनेने विरोधाचे निशाण उभारले. सरकारी विमा आला की वैद्यकाच्या व्यवसायावर सरकारचा ताबा येईल, ही त्यांची भीती. फेब्रुवारी १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने केवळ या प्रश्नावर आपल्या प्रतिनिधींची खास बैठक बोलाविली.

विधेयकात आरोग्य विम्याची योजना नव्हतीच. नव्या मंडळाने ज्या विषयांचा अभ्यास करावा त्यांच्या यादीत आरोग्य विम्याचा नुसता उल्लेख होता. तेवढ्यानेही प्रतिनिधींवर तारांचा वर्षाव झाला आणि समितीच्या टप्प्यावर ती ओळही वगळण्यात आली. आरोग्य विम्याचा आग्रह धरला तर बेकारी भत्ता आणि निवृत्तिवेतनही बुडेल, असा हिशेब रूझवेल्ट आणि पर्किन्स यांनी केला. हाती येईल ते आधी पदरात पाडून घ्यावे आणि उरलेले नंतर पाहावे, हे धोरण ठरले. आरोग्य विम्यावरील स्वतंत्र अहवाल तयार झाला, पण त्याचे विधेयक झाले नाही.

हा व्यवहार शहाणपणाचा होता की कच खाल्ल्याचा, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले आणि त्यामुळे कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा हिस्सा बाहेर राहिला, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेतील म्हाताऱ्याला आणि बेकाराला प्रथमच हक्काचा आधार मिळाला, हे नाकारता येत नाही.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी त्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. रूझवेल्ट यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या पर्किन्स त्या दिवशीच्या छायाचित्रात दिसतात. समारंभाच्या थोडे आधी त्यांना न्यूयॉर्कहून दूरध्वनी आला होता. पॉल विल्सन शुश्रूषा करणाऱ्यांची नजर चुकवून कोठे तरी निघून गेले होते. पर्किन्स समारंभाला थांबल्या आणि तो आटोपताच आगगाडीने न्यूयॉर्कला जाऊन पतीचा शोध घेऊ लागल्या. विल्सन सुखरूप सापडले. देशाला दिलेल्या संरक्षणात ज्या आजाराची तरतूद नव्हती, तो आजार त्याच दिवशी त्यांच्या दारात उभा होता.

विमा मालकाकडे गेला तो असा

१९३८ मध्ये किमान वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा झाला. यादीतील एकेक कलम मार्गी लागले. १९३९ मध्ये एका कामगार पुढाऱ्याला देशाबाहेर घालवीत नाहीत, या कारणावरून पर्किन्स यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव आला. तो फेटाळला गेला. आरोग्य विमा मात्र जागचा हलला नाही.

सरकारने सोडलेली जागा दुसऱ्याने भरली. १९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे शिक्षकांनी महिन्याला ५० सेंट भरून २१ दिवसांच्या रुग्णालयीन उपचारांची हमी मिळविली होती. त्या धर्तीच्या योजना हळूहळू पसरत होत्या. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठविली. कामगारांचा तुटवडा होता आणि पगार वाढविता येत नव्हता. विम्यासारख्या सवलती मात्र या बंधनातून मोकळ्या होत्या. साहजिकच कारखानदारांनी कामगार टिकविण्यासाठी आरोग्य विमा देऊ केला. १९५४ मध्ये करकायद्याने मालकाच्या या हप्त्यावर कामगाराला कर नाही, हे पक्के केले. १९४० मध्ये जेमतेम एक दशांश अमेरिकी लोकांकडे रुग्णालयाचा विमा होता. १९५० पर्यंत तो सुमारे निम्म्या लोकांकडे आला.

सोय झाली, पण गाठ नोकरीशी पडली. नोकरी आहे तोवर विमा, असे समीकरण कोणी ठरवून न करता रूढ झाले. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर १९४५ च्या मध्यास पर्किन्स मंत्रिपदावरून पायउतार झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला. तोही डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे टिकला नाही.

आपल्याकडचे दुवे

पर्किन्स यांच्या कार्याला समांतर असे काही आपल्याकडेही घडत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे गेले होते. यजमान अमेरिका मात्र तेव्हा संघटनेबाहेरच राहिली. १९३४ मध्ये ती सदस्य झाली ती पर्किन्स यांच्या प्रयत्नांमुळे.

पर्किन्स यांनी कोलंबिया सोडल्यानंतर तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्रा. बी. पी. आदरकर यांच्याकडे कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. आदरकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्माला आला. कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीतून कुटुंबासह उपचार, ही त्याची मांडणी. अमेरिकेत वगळले गेलेले कलम येथे, मर्यादित वर्गापुरते का होईना, कायद्याच्या पुस्तकात आले.

अठरा महिन्यांची मुदत

पॉल विल्सन यांचे निधन ३१ डिसेंबर १९५२ रोजी झाले. पर्किन्स तोवर केंद्रीय नागरी सेवा आयोगावर काम करीत होत्या. १९५७ पासून त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात औद्योगिक संबंध हा विषय शिकविला. तेथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहण्याचे निमंत्रण आल्यावर त्या आनंदाने राहायला गेल्या. १४ मे १९६५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. अडीच महिन्यांनी, ३० जुलै १९६५ रोजी, वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. कर्त्या वयातील नोकरदाराचे कुटुंब मात्र मालकाच्याच विम्यावर राहिले.

त्या कुटुंबासाठी ७ एप्रिल १९८६ रोजी कोब्रा या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कायदा आला. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडील नोकरी गेल्यास तोच विमा कर्मचारी, जोडीदार आणि मुले यांना साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो. नोकरदाराचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यास जोडीदाराला ही मुदत ३६ महिन्यांपर्यंत मिळते. निर्णयासाठी ६० दिवस असतात आणि कुटुंबातील प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र असतो. नोकरी गेलेल्या पतीने नको म्हटले तरी उपचार चालू असलेली पत्नी एकटी हा विमा घेऊ शकते. मात्र गंभीर गैरवर्तनामुळे काढलेल्याला हा हक्क मिळत नाही आणि कंपनीने योजनाच गुंडाळली तर चालू ठेवायला काही उरत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. नोकरीत असताना मालक हप्त्याचा मोठा वाटा उचलतो; नंतर पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के असा १०२ टक्क्यांपर्यंतचा भार कुटुंबावर पडतो, तोही पगार थांबलेला असताना. म्हणून दुसरे मार्गही पाहावे लागतात. जोडीदाराच्या नोकरीत विमा असेल तर १९९६ च्या कायद्यानुसार जुना विमा संपल्यापासून ३० दिवसांत त्यात नाव घालण्याची मागणी करता येते. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे सरकारी विमा बाजारातून नवा विमा घेण्यास ६० दिवस मिळतात आणि जुन्या आजाराचे कारण सांगून कोणाला नाकारता येत नाही. नोकरीच्या व्हिसावर तेथे असलेल्या मराठी कुटुंबांना हे दिवस विशेष काटेकोरपणे मोजावे लागतात. कारण एच-वन-बी व्हिसाधारकाला नोकरी गेल्यावर देशात राहण्यासाठी मिळणारी सवलतही जास्तीत जास्त ६० दिवसांचीच आहे.

१९८० मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, वॉशिंग्टनमधील मजूर खात्याच्या मुख्यालयाला फ्रान्सिस पर्किन्स यांचे नाव देण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूकॅसल येथील त्यांच्या घराण्याची वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना कोब्राच्या नोटिसा वेळेवर मिळतात की नाही, यावर देखरेख करणारे कार्यालय त्यांच्याच नावाच्या इमारतीत आहे. तेथून सांभाळली जाणारी मुदत अठरा महिन्यांची आहे. पॉल विल्सन यांचे आजारपण चौतीस वर्षे चालले होते.